पदार्थ दोन, पंगत मोठी

स्वामी विवेकानंदांची जयंती मेहकर तालुक्यातल्या हिवरा आश्रमात तिथीने, म्हणजे पौष वद्य सप्तमीच्या सुमारास, तीन दिवस साजरी होते आणि उत्सवाची सांगता महाप्रसादाने होते. शुकदास महाराजांनी 1965 साली उभ्या केलेल्या विवेकानंद आश्रमाचा हा महाप्रसाद अख्ख्या वऱ्हाडाला ठाऊक आहे. मोकळ्या रानात पंगती बसतात, जेवणाऱ्यांची संख्या लाखांत जाते, पुरी-भाजीने भरलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रांगांमधून सरकत जातात आणि स्वयंसेवक वाढत राहतात. पानात पडते ते एवढेच: पुरी आणि वांग्याची भाजी. मजूर असो की आमदार, दोघांच्या पुढ्यात तेच. वर्षानुवर्षे हा बेत बदललेला नाही आणि तो तोच आहे म्हणून कोणी यायचे थांबलेले नाही. घरचे सणवार साधेपणाने करावेत असे म्हटले की जे आक्षेप घेतले जातात, ते पारखून पाहायला आपल्या भागात याहून चांगला दाखला नाही.

पहिला आक्षेप असा की वर्षाचा सण एकदा येतो, त्यातही हात आखडता घेतला तर आनंद उरतो कशात? आणि हिवऱ्याचे उदाहरण देता तर तिथे काय कमी खर्च होतो? होतो, पण तो माणसांवर होतो. एका पानाचा हिशेब मांडला तर कणीक, तेल आणि हंगामात शेतोशेती पिकणारी वांगी, एवढ्यात तो संपतो. आपल्या घरात नेमके उलटे झाले आहे. चिवडा, चकली, शेव, अनारसे, करंज्या, दोन-तीन तऱ्हांचे लाडू, वर विकतच्या मिठाईचे डबे. आणि खायला आले कोण, तर घरातलीच चार माणसे. पदार्थ वाढले, पंगत आटली. आपले पंचांग मुळात असे नाही. संक्रांत तिळगुळावर भागते, भोगीला त्या दिवसांतल्या भाज्यांची एक मिसळ पुरते, होळी आणि पोळा पुरणपोळीवर होतो. प्रत्येक सणाला त्याचा एक पदार्थ आहे, तोही त्या ऋतूत घरात किंवा शेतात असतो. बाकीची भर आपण घातलेली आहे, आणि ती बहुतेक वेळा शेजाऱ्याकडे, व्याह्यांकडे पाहून घातलेली आहे. दिवाळसणाला जावयाला अंगठी की साखळी, भाऊबीजेच्या ओवाळणीत किती टाकायचे, कोणाची साडी भारी, या प्रश्नांनी घरोघरी जी धास्ती असते तिला आनंद म्हणणे मला मान्य नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे आणि त्याला मान देऊनच उत्तर द्यायला हवे. शेतकऱ्याच्या कर्जाचे खापर त्याच्या सणांवर आणि लग्नांवर फोडणे ही जुनी सरकारी खोड आहे, असे आक्षेपक म्हणतात. ते खरे आहे. 1875 साली सुप्याला सावकारांविरुद्ध उठाव झाला, त्यानंतर नेमलेल्या दख्खन दंगे आयोगानेसुद्धा लग्नकार्याच्या खर्चाला कर्जाचे कारण म्हणून वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिले जाते, असे नोंदवले होते. आजही बुलडाण्याचा शेतकरी बुडतो तो पाऊस, भाव आणि पतपुरवठा यांपायी, चकलीपायी नाही. पण हे मान्य केले की साधेपणाची बाजू पडत नाही, उलट भक्कम होते. सोयाबीन घरात येते आणि दिवाळी दारात उभी राहते, दोन्ही एकाच पंधरवड्यात. 2024 च्या हंगामात हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता आणि बाजारात माल त्याहून खाली जात होता. सरकारी खरेदीला ओलावा 12 टक्क्यांच्या आत लागे. ती अट 15 टक्क्यांवर आणली गेली ती दिवाळी उलटून गेल्यावर. माल वाळवून, थोडा थांबून विकणे ज्याला परवडले त्याला निदान वाट पाहता आली. ज्याला कपडे, फराळ आणि लेकीची बोळवण आठवड्यात उरकायची होती, त्याने ओले पोते तसेच काट्यावर टाकले. भाव पाडणारा बाजार आहे, हे खरेच. पण त्या बाजारात आपल्या माणसाला घाईने ढकलणारी तारीख आपण नातेवाईकांनी ठरवलेली असते. ती घाई आपल्याला कमी करता येते. बाजारभाव एकट्या कुटुंबाच्या हातात नाही, ही घाई आहे.

सगळे साधे झाले तर कुंभाराने, शिंप्याने काय खावे, असेही विचारतात. पणत्या कुंभाराच्याच घ्याव्यात, चार जास्त घ्याव्यात. कात्री लागायला हवी ती हप्त्यावर घेतलेल्या मोबाइलला, चकचकीत कागदातल्या सुक्या मेव्याला आणि प्लास्टिकच्या तोरणांना. तो पैसा गावात राहतच नाही. आणि फराळ ही बायकांची हौस आहे, ती का मोडता, या म्हणण्याबद्दल एकच विचारावेसे वाटते: ऐन सोंगणीच्या दिवसांत दिवसभर रानात राबून आलेली बाई रात्री कढईपुढे बसते, ती हौसेने की सासरच्यांच्या बोलण्याच्या धाकाने? हिवऱ्याच्या पंगतीत वाढायला गडीमाणसे असतात. घरात तीच माणसे लाटणे का धरत नाहीत?

गाडगेबाबांनी याच वऱ्हाडात गावोगाव कीर्तनातून कर्ज काढून सण करू नका म्हणून सांगितले. लोकांना ते पटले, तरी घरात पहिले पाऊल कोणी टाकायचे यावर गाडे अडते, कारण गरीब भावाने साधेपणा केला तर लोक त्याला ऐपत नाही म्हणतात. म्हणून ही सुरुवात पगारदार भावाने करावी, पुण्या-मुंबईहून गावी येणाऱ्याने करावी. येत्या दिवाळीला त्याने दसऱ्यालाच घरी फोन करून सांगावे: एक गोड, एक तिखट, भाऊबीजेला साड्या नाहीत, जावयाला सोने नाही; माझ्याकडून आहेर आणणार नाही आणि तुमच्याकडून घेणार नाही; पण मावशी, आत्या, चुलते आणि शेतावरचा सालदार, सगळे एका पंगतीला बसतील.