पोरीला तिथं ओळखणार कोण?

मंडळी, आवणी आटोपली होती. खाचरांत पाणी उभे होते, रोपे धरू लागली होती आणि गणपती यायला अजून पंधरा-वीस दिवस अवकाश होता. शेतकऱ्याच्या घरी वर्षात असे निवांतपणाचे दिवस थोडेच. त्यातल्याच एका संध्याकाळी ओळखीचे एक शिक्षक जासईला माझ्या घरी आले. चहा झाला, पाऊसपाण्याच्या गोष्टी झाल्या, आणि मग त्यांनी मूळ काम काढले.

"नववी-दहावीची बारा मुलं आहेत. सगळी कातकरी नि ठाकर वाड्यांवरची. त्यांना एक दिवस कॉलेज दाखवून आणायचंय. बरोबर मोठं माणूस हवं. येता का?"

मी म्हटले, "गुरुजी, अजून त्यांची दहावी व्हायचीय. आतापासून कॉलेज कशाला दाखवता?"

ते म्हणाले, "पास झाल्यावर दाखवायला जातो, तोवर उशीर झालेला असतो."

त्यांचे म्हणणे मला तेव्हा नीट समजले नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही आईबापांची परवानगी घ्यायला वाडीवर गेलो, तेव्हा समजले. एका मुलीचा बाप पडवीत जाळे सांधत बसला होता. पोरगी हुशार, वर्गात पहिल्या पाचांत. त्याने आमचे सगळे बोलणे शांतपणे ऐकून घेतले. खर्च किती, हे विचारले नाही. यायला रात्र होईल का, हेही विचारले नाही. मान खाली घालून एवढेच म्हणाला,

"गुरुजी, तेवडं मोटं कालेज. आमचे पोरीला तिथं वलखनार कोन?"

मंडळी, या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

येताना वाटेत गुरुजींनी आणखी एका मुलाची हकीकत सांगितली. त्याच वाडीवरचा मुलगा, तीन वर्षांपूर्वी चांगल्या गुणांनी दहावी झाला. अकरावीला नाव घातले. पहिल्या दिवशी त्याला आपला वर्गच सापडला नाही. शाळेत एकच वर्ग, एकच बाक. मास्तर आपल्याकडे येतात. इथे तास बदलला की मुलेच उठून दुसऱ्या खोलीत जातात, हे त्याला कुणी सांगितले नव्हते. खिडकीवर कारकुनाने एक कागद मागितला, त्याचे नावही त्याने कधी ऐकले नव्हते. विचारायची लाज वाटली. तिसऱ्या आठवड्यात त्याने जाणे सोडले आणि दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेला. नापास झाला नव्हता. बुजला होता.

आता थोडे मागचे सांगतो. कातकरी हे नाव काताच्या धंद्यावरून पडले. खैराच्या लाकडाचा गाभा उकळून कात काढायचा, हा यांचा जुना व्यवसाय. जंगल सरकारजमा झाले, खैरतोड बंद झाली आणि हा समाज कोळसा पाडणे, मासे-खेकडे पकडणे, दुसऱ्याच्या शेतावर राबणे आणि वीटभट्टी यांवर येऊन ठेपला. केंद्र सरकारने महाराष्ट्रातल्या तीन जमाती विशेष दुर्बल म्हणून धरल्या आहेत: कोलाम, माडिया गोंड आणि आपल्या रायगडातले कातकरी. दिवाळी झाली की घरेच्या घरे भट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडाला परततात. म्हणजे नेमका अभ्यासाचा आणि परीक्षेचा काळ भट्टीवर जातो.

आणि ही माणसे आपल्याला परकी आहेत का? आपल्या उरण तालुक्यातल्या चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रह झाला, गोळीबार झाला. त्यातल्या हुतात्म्यांमध्ये आपल्या आगरी, कोळी बांधवांच्या नावांशेजारी नाग्या महादू कातकरी हे नाव आहे. आपल्या आवणीला, कापणीला ती माणसे पिढ्यान् पिढ्या आली. मरणात बरोबर होती, राबण्यात बरोबर होती. शिकण्यात मात्र आपण पुढे गेलो आणि ती वाडीवरच राहिली.

जासईकरांना शिक्षणाचे मोल वेगळे सांगायला नको. आपले दि. बा. पाटील १३ जानेवारी १९२६ रोजी याच गावात, शेतकऱ्याच्या घरात जन्मले. शिकले, वकील झाले, आमदार झाले, खासदार झाले. नवी मुंबईसाठी सिडकोने जमिनी घेतल्या तेव्हा नोटिशीतली ओळ न् ओळ वाचून तिचा अर्थ लोकांना सांगणारा माणूस आपल्यात होता. १९८४ च्या १६ आणि १७ जानेवारीला या भागात पाच शेतकरी गोळीबारात हुतात्मा झाले, आणि त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व पुढे आले. पण तो हक्क मिळाला सातबाऱ्यावर नाव असणाऱ्याला. ज्याचे नाव कुठल्याच सातबाऱ्यावर नव्हते, त्याने काय दाखवायचे? त्याच्या लेकराला शिक्षणाखेरीज दुसरा सातबारा नाही.

असो. ठरल्या दिवशी बारा मुले सकाळी सातला नाक्यावर हजर होती. धुतलेले कपडे, तेल लावून बसवलेले केस, फडक्यात बांधलेली तांदळाची भाकरी. त्या मुलीचा बाप तिला सोडायला आला होता. एसटी सुटेपर्यंत तो उभाच होता.

कॉलेजात पोचलो आणि मागे वळून पाहतो तर मुले पायरीखालीच थांबलेली. सगळ्यांनी चपला काढून ओळीने लावल्या होत्या, देवळाबाहेर काढतात तशा! शिपाई धावत आला. म्हातारा, मायाळू माणूस. म्हणाला, "अरे पोरांनो, चपला घालूनच या. हे तुमचंच आहे." मंडळी, मला वाटते त्या दिवसाचे अर्धे काम त्या शिपायाने तिथेच केले.

मग एका प्राध्यापकबाईंनी मुलांना सगळीकडे फिरवले. भिंतीवरचे वेळापत्रक कसे वाचायचे, कुठला तास कुठल्या खोलीत, हे दाखवले. सूचनाफलक रोज वाचायचा, कारण इथे कुणी वर्गात येऊन निरोप देत नाही, हे सांगितले. ग्रंथालयात एकेका मुलाच्या हातात पुस्तक दिले. प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकातून कांद्याचा पापुद्रा दाखवला. रोज कांदा चिरणाऱ्या पोरी त्यातल्या विटांसारख्या पेशी बघून हसू लागल्या. एक म्हणाली, "भट्टीच लावलीय की!"

बाईंनी विद्यापीठ म्हणजे काय तेही सोपे करून सांगितले. ते आपल्या घरच्या मंडळींनाही ठाऊक असावे म्हणून लिहितो. कॉलेज गावोगाव असते. विद्यापीठ त्या सगळ्यांवरचे. अभ्यासक्रम ते ठरवते आणि पदवी त्याच्या नावाने मिळते. आपला रायगड जिल्हा मुंबई विद्यापीठाखाली येतो, आणि ते विद्यापीठ १८५७ साली स्थापन झालेले आहे. म्हणजे फुंड्याच्या वीर वाजेकर कॉलेजात किंवा पनवेलच्या महात्मा फुले कॉलेजात शिकलेल्या मुलाच्या पदवीवर नाव येते ते मुंबई विद्यापीठाचेच. त्याआधीची अकरावी-बारावी तर आपल्या जासईतही होते, दि. बां.च्या नावाचे ज्युनिअर कॉलेज गावातच आहे.

शेवटी बाई म्हणाल्या, "आता तुम्ही विचारा." बराच वेळ कुणी बोलेना. मग तीच जाळेवाल्याची मुलगी उभी राहिली. पायाच्या अंगठ्याने फरशी टोकरत तिने विचारले, "बाई, दिवाळीनंतर भट्टीवर जावं लागलं तर नाव काढतात का?"

वर्गात शांतता पसरली. बाईंनी गोड बोलून वेळ मारून नेली नाही. म्हणाल्या, "बाय, खरं सांगते. हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसता येत नाही. सहा महिने भट्टीवर आणि कॉलेजही, असं होणार नाही. पण आईबाप भट्टीवर आणि तू वसतिगृहात, असं होऊ शकतं. त्यासाठी आदिवासी विकास विभागाची वसतिगृहं आहेत. तिथं जागा मिळाली नाही तर जेवणाखाण्याचे नि राहण्याचे पैसे विद्यार्थ्याच्या बँक खात्यात देणारी स्वयं योजना आहे. मात्र अर्ज वेळेवर करायचा, आणि कागद आधी तयार ठेवायचे."

कागदांचा विषय निघाला तो बरा झाला, कारण तिथेच आमची गाडी चिखलात रुतते. जातीचा दाखला प्रांत कचेरीतून मिळतो. त्यासाठी कुटुंब ६ सप्टेंबर १९५० च्या आधीपासून इथले असल्याचा पुरावा मागतात. ज्याचा आजा शाळेत गेला नाही, ज्याच्या नावावर जमीन नाही, त्याने तो कुठून आणायचा? मग जुनी जन्ममृत्यूची नोंद, बापाकडच्या नात्यातल्या कुणाचा शाळेचा दाखला, असे शोधावे लागते. पुढे प्रवेशासाठी आणि सवलतींसाठी जातपडताळणीचे प्रमाणपत्रही लागते, आणि ते समितीकडून यायला वेळ लागतो. त्या मुलाला खिडकीवर मागितला होता तो कागद हाच. राज्यात शिक्षणात अनुसूचित जमातींसाठी ७ टक्के जागा राखीव आहेत, शिष्यवृत्ती आहे. पण कागद नसला तर ताट वाढलेले असून हात पोचत नाही. १५ नोव्हेंबर २०२३ पासून केंद्राची जनमन योजना या दुर्बल जमातींसाठी सुरू झाली. तिच्या शिबिरांत आधार कार्ड, जातीचा दाखला अशी कामे वाडीजवळ होतात. आपल्या रायगड जिल्ह्यासाठी आदिवासी प्रकल्प कार्यालय पेणला आहे. ज्यांना वाचता येते त्यांनी हे दुसऱ्याला वाचून दाखवावे.

दुपारी झाडाखाली भाकरी सोडल्या. तेवढ्यात एक मुलगी आमच्याकडे आली. बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली, कर्जतकडच्या एका कातकरी वाडीतली. ती खाली बसली आणि मुलांशी त्यांच्या घरच्या बोलीत बोलू लागली. मला निम्मे कळले नाही. पण मुलांचे चेहरे उमलले ते स्वच्छ दिसले. दिवसभर गप्प असलेली पोरे एकदम किलबिलायला लागली. वसतिगृहात जेवण कसं, रात्री भीती वाटते का, मुली हसतात का, सगळे विचारून झाले. ती म्हणाली, "पहिलं वर्ष रडले. मग नाय रडले." तिने आपला फोन नंबर जाळेवाल्याच्या मुलीच्या वहीत लिहून दिला.

मला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची आठवण झाली. डहाणूकडे कोसबाडच्या टेकडीवर वारल्यांची मुले शाळेत येईनात, कारण त्यांना गुरे राखावी लागत. तेव्हा या बायांनी मुलांना दोष दिला नाही. शाळाच कुरणावर नेली आणि कुरणशाळा काढली. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, हा धडा त्यांनी घालून दिला. आता वाडीवरची मुले दहावीपर्यंत येऊ लागली आहेत. कॉलेज काही उचलून वाडीवर नेता येणार नाही, पण मुलाला बोट धरून तिथवर नेता येते. एक दिवस, एसटीचे भाडे आणि बरोबर एक मोठे माणूस, एवढ्यावर ते होते.

हे एका दिवसाने सगळे साधेल असे मी म्हणत नाही. भट्टीची उचल डोक्यावर असलेला बाप उद्या पोरीला बरोबर नेईलही. तिच्या दाखल्याचे काम अजून अर्धेच झाले आहे; जुन्या नोंदीसाठी गुरुजी दोनदा कचेरीत जाऊन आले. दहावीही अजून व्हायची आहे.

म्हणून वाचकहो, मागणे आहे ते असे. तुमच्या बांधावर जे कुटुंब कामाला येते, त्यांच्या घरात आठवी-नववीचे मूल आहे का, एवढे विचारा. त्याचा जातीचा दाखला निघाला आहे का, तेही विचारा. नसेल तर त्याच्या बापाबरोबर एक दिवस कचेरीत जा. तुमच्या शब्दाला तिथे त्याच्यापेक्षा जास्त वजन आहे, हे तुम्हालाही ठाऊक आहे. आणि तुमची मुलगी किंवा सून कॉलेजात शिकत असेल, तर तिला सांगा, की वाडीवरचे पोर पहिल्या दिवशी दिसले तर त्याला वर्ग दाखव आणि डबा खायला शेजारी बसव.

त्या दिवशी परत आलो तेव्हा दिवे लागले होते. मुलीचा बाप नाक्यावर तसाच उभा, जणू सकाळपासून हललाच नव्हता. पोरगी उतरली, त्याच्याकडे गेली आणि वही उघडून तो नंबर दाखवू लागली. त्याला वाचता येत नाही. त्याने त्या आकड्यांवरून एकदा बोट फिरवले, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला,

"म्हंजी वलखीचं एक तरी मानूस हाय तिथं."