टबातली बिअर आणि बातमीतले विज्ञान

उन्हाळी सुट्ट्यांचा हंगाम जवळ आला की आपल्याकडील वृत्तमाध्यमांच्या ‘विज्ञान व आरोग्य’ या सदरात एक बातमी नेमाने उगवते. युरोपात लोक म्हणे बिअरच्या टबात बसतात. त्या बिअरमधील यीस्टची ‘ब’ जीवनसत्त्वे त्वचेतून अंगात शिरतात, रंध्रे उघडतात, विषद्रव्ये बाहेर पडतात, रक्ताभिसरण सुधारते, कांती उजळते. शेवटच्या परिच्छेदात सहलीचा खर्च दिलेला असतो. इंग्रजीतली बातमी हिंदीत येते, हिंदीतली मराठीत येते, आणि या साऱ्या प्रवासात ‘हे कशावरून?’ असा प्रश्न एकाही संपादकीय मेजावर विचारला जात नाही.

मित्रहो, माझा आक्षेप टबावर नाही आणि सहलीवर तर मुळीच नाही. ज्या सदरात चांद्रयानाची बातमी छापली जाते त्याच सदरात ही बातमी बसते, यावर माझा आक्षेप आहे.

हे मी घरबसल्या लिहीत नाही. प्राग येथील अशा एका स्पामध्ये मी स्वतः जाऊन आलो आहे. ओकच्या लाकडाचा भला मोठा टब, त्यात ऊन ऊन पाणी. सेविकेने त्यात भरडलेले माल्ट, वाळलेली हॉप्सची फुले आणि यीस्ट अशा तीन वाडग्यांतील वस्तू ओतल्या. तयार बिअर टबात नव्हतीच. होते ते बिअरचे घटक. पाणी मातकट झाले, वर फेस आला आणि भिजल्या धान्याचा, नुकत्या भाजलेल्या पावासारखा वास दरवळू लागला. टबाच्या कडेला नळ होता. त्यातून थंडगार बिअर हवी तेवढी घ्यावी अशी मुभा होती. स्नानानंतर गव्हाच्या काडाच्या शय्येवर पडून राहायचे. मी पडलो आणि चक्क झोपलो. सहलीतील दहा दिवसांची पायपीट अंगातून उतरल्यासारखे वाटले. तो आनंद खरा होता आणि तो मी नाकारणार नाही.

प्रश्न एवढाच, की तो आनंद कशाने झाला?

त्याचे उत्तर बिअरशिवाय देता येते. गळ्यापर्यंत पाण्यात बसलेल्या माणसाला स्वतःचे वजन जेमतेम एक दशांश जाणवते. आर्किमिडीजचा हा नियम आपण शाळेत शिकलो. सांध्यांवरील भार गेला की दिवसभर ताठ राहिलेले स्नायू सैलावतात. उष्णतेने त्वचेखालील रक्तवाहिन्या रुंदावतात आणि अंगात ऊब पसरते. झोपण्यापूर्वी एक ते दोन तास सुमारे ४० ते ४२ अंश सेल्सिअसच्या पाण्यात दहा मिनिटे घालवली तरी झोप लवकर लागते, असे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका शास्त्रीय आढाव्यात नोंदवले आहे. त्यात भर घाला मंद दिव्यांची, बंद भ्रमणध्वनीची, परक्या शहरातल्या निवांतपणाची आणि अर्धा लीटर बिअरच्या गुंगीची. एवढी कारणे पुरेशी आहेत. आपल्या आजीने दिवाळीच्या पहाटे चुलीवर तापवलेले पाणी यातली निम्मी कामे करीतच होते.

आता दावे एकेक करून पाहू.

पहिला दावा जीवनसत्त्वांचा. यीस्टमध्ये ‘ब’ गटातील जीवनसत्त्वे असतात, हे खरे. पण ती असतात यीस्टच्या पेशीच्या आत, चिवट भिंतीआड. यीस्टची पेशी मीटरच्या दशलक्षांश भागात मोजली तर पाच ते दहा भरते. ती अखंड त्वचेतून आत जाण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. जी काही जीवनसत्त्वे पाण्यात उतरतील त्यांना आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा थर, शृंगस्तर, ओलांडावा लागेल. मृत पेशींच्या विटा आणि मेदाचा चुना अशी या थराची बांधणी आहे आणि बाहेरचे बाहेर ठेवणे हेच त्याचे काम आहे. साधारणतः ५०० डाल्टनपेक्षा जड रेणू निरोगी त्वचेतून फारसे आत जात नाहीत, हा संकेत २००० साली त्वचाविज्ञानाच्या संशोधनात मांडला गेला. ब-१२ चा रेणू सुमारे १३५५ डाल्टनचा आहे. थायमिनसारखी जीवनसत्त्वे हलकी आहेत, हे मान्य. पण ती पाण्यात विरघळणारी आणि विद्युतभारित असल्यामुळे मेदाच्या त्या चुन्यातून वाट काढणे त्यांना जड जाते. त्वचेवर डकवायच्या पट्टीतून निकोटीन किंवा काही संप्रेरके आत जातात, कारण त्यांचे रेणू लहान असून मेदात विरघळतात, आणि ती पट्टी तासन्‌तास अंगावर राहते. वीस-तीस मिनिटांच्या डुंबण्याने जीवनसत्त्वांची उणीव भरून निघत असती, तर कुपोषणावर उपाय म्हणून आपण अंगणवाड्यांत टब बसवले असते.

दुसरा दावा रंध्रे उघडण्याचा. त्वचेवरील रंध्रांना उघडमीट करणारे स्नायूच नसतात. ती दारे-खिडक्या नव्हेत. ऊन पाण्याने त्वचा मऊ होते, वरचा तेलकट मळ सुटतो, एवढेच.

तिसरा दावा विषद्रव्यांचा. कोणते विषद्रव्य? किती होते? किती निघाले? कुणी मोजले? घाम बहुतांशी पाणी आहे, बाकी मीठ आणि इतर पदार्थांचे अंश. शरीरातील त्याज्य द्रव्यांची विल्हेवाट लावण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात. आणि गंमत पाहा, टबाशेजारच्या नळातून आपण ज्या द्रव्याचे पेले रिचवीत असतो, त्यातील अल्कोहोलचा निचरा करण्याचे काम नेमके त्याच क्षणी यकृताच्या अंगावर पडलेले असते. विषद्रव्ये काढण्यासाठी टबात बसायचे आणि बसल्या बसल्या यकृताला नवे काम लावायचे, याला उपचार म्हणण्यास मोठे धाडस लागते.

ते धाडस बाटलीवर करता येत नाही, हेही लक्षात घ्या. १.२ टक्क्यांहून अधिक अल्कोहोल असलेल्या पेयावर आरोग्यविषयक दावा छापण्यास युरोपीय संघाच्या २००६ च्या नियमाने मनाई आहे. भारताच्या अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या मद्यपेयविषयक नियमांचा रोखही तोच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मद्यपेयांचा समावेश माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात १९८८ सालीच केला. चेक प्रजासत्ताकातील खोदोव्हा प्लाना या गावी तेथल्या मद्यनिर्मिती कारखान्याने आपला बिअर-स्पा उघडला तोही २००६ मध्येच. म्हणजे एकाच वर्षी बाटलीवरचा दावा बंद झाला आणि टबाभोवतीचा सुरू झाला. कायदा बाटलीशी थांबला. जाहिरात पाण्यात उतरली.

आणि ज्या देशातून ही बातमी आपल्याकडे येते, त्या देशाला उपचार आणि विरंगुळा यांतला फरक पुरेपूर ठाऊक आहे. कार्लोव्ही व्हारी, मारियान्स्के लाझ्न्ये, फ्रांतिश्कोव्ही लाझ्न्ये ही पश्चिम बोहेमियातील स्नाननगरे २०२१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात समाविष्ट झाली. तेथील नैसर्गिक औषधी झऱ्यांसाठी २००१ चा स्वतंत्र कायदा आहे. डॉक्टरांनी शिफारस केली तर तेथील स्नानोपचाराचा खर्च सार्वजनिक आरोग्य विम्यातून मिळतो. बिअरच्या टबासाठी पर्यटक स्वतःच्या खिशातून पैसे मोजतो. चेक माणूस हे ओळखून हसत हसत टबात उतरतो. आपण मात्र माहितीपत्रकाला शोधनिबंध समजतो.

“अहो, जरा गंमत आहे, एवढे काय मनावर घेता?” असे कुणी विचारील. माझ्याबरोबर त्याच दिवशी आमचे एक ज्येष्ठ सहप्रवासीही होते. वय सत्तरीच्या जवळ, रक्तदाबाची गोळी चालू. एरवी मद्याला न शिवणारे हे गृहस्थ त्या दिवशी मला म्हणाले, “अहो, बातमीत वाचलंय मी, रक्तदाबाला हे औषधच आहे.” औषध म्हणून ते टबात नेमापेक्षा अधिक वेळ बसले, औषध म्हणूनच त्यांनी दोन पेले घेतले. उठले, आणि तिथेच मटकन खाली बसले. चेहरा पांढराफटक. ऊन पाण्याने रुंदावलेल्या रक्तवाहिन्या, त्यावर मद्य, त्यावर गोळी: तिन्हींचा परिणाम एकाच दिशेने होतो आणि उभे राहताच मेंदूकडे जाणारे रक्त कमी पडते. दैव बलवत्तर म्हणून डोके टबाच्या कडेवर आपटले नाही. दहा मिनिटांत ते सावरले. मी मात्र अद्याप सावरलेलो नाही. कारण ते ‘गंमत’ म्हणून उतरले असते तर माझ्यासारखेच पाऊण पेल्यावर थांबले असते. त्यांचा घात ‘आरोग्य’ या शब्दाने केला असता.

या साऱ्या प्रकरणातील खरी विडंबना निराळीच आहे. आधुनिक विज्ञानावर बिअरचे केवढे ऋण आहे! लुई पाश्चरने १८७६ मध्ये बिअरवर ग्रंथ लिहिला. किण्वन आणि नासणे यांमागे सूक्ष्मजीव असतात, या विचाराला त्याने बळ मिळाले. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेन याने १८८३ मध्ये यीस्टचे शुद्ध संवर्धन सिद्ध केले. त्याच प्रयोगशाळेत सोरेन सोरेनसेन याने १९०९ मध्ये आम्लता मोजण्याचे ‘पीएच’ हे माप दिले. आणि डब्लिनच्या गिनेस कारखान्यात नोकरी करणाऱ्या विल्यम गॉसेटने १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने एक निबंध प्रसिद्ध केला. हाती मोजकेच नमुने असताना दिसलेला फरक खरा की योगायोगाचा, हे ठरवण्याची रीत त्यातून निघाली. आज जगभर औषधांच्या चाचण्यांत वापरली जाणारी ‘टी-चाचणी’ ती हीच.

म्हणजे दावा तपासण्याचे हत्यार बिअरच्या कारखान्यातच घडले! ते वापरणे अवघडही नाही. दोन टब घ्या. दोन्हींतले पाणी सारख्या उष्णतेचे, खोली तीच, वेळ तीच. एकात माल्ट, हॉप्स आणि यीस्ट. दुसऱ्यात नुसते पाणी आणि तसाच रंग, तसाच वास. कुणी कोणत्या टबात बसायचे ते चिठ्ठी टाकून ठरवा. आधी व नंतर रक्तातील जीवनसत्त्वे मोजा, त्वचेतील ओलावा मोजा, झोप मोजा. फरक निघाला तर मी जाहीरपणे माझे शब्द मागे घेईन. अशी तुलना पुढे न ठेवता ‘शास्त्रज्ञ म्हणतात’ असे लिहिणाऱ्याने शास्त्रज्ञाचे नाव आणि टबांची संख्या सांगावी.

हे प्रागपुरते असते तर मी एवढे लिहिले नसते. ‘विषद्रव्ये बाहेर पडतात’ हे वाक्य आपल्याही घरचे आहे. ते पायाला चिकटवायच्या पट्ट्यांवर असते, सकाळी प्यायच्या रसांवर असते, चिखलस्नानाच्या माहितीपत्रकावर असते. चमत्कारी उपचारांच्या जाहिरातींना आळा घालणारा कायदा आपण १९५४ मध्येच केला. त्याच्या परिशिष्टात रक्तदाब आहे, स्थूलता आहे, संधिवात आहे. वैज्ञानिक दृष्टिकोन अंगी बाणवणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य असल्याचे संविधानाच्या ५१-क (ज) या कलमात १९७६ पासून लिहिलेले आहे. पण जो दावा जाहिरातीच्या रूपात आला तर आपण कदाचित हरकत घेऊ, तोच दावा प्रवासवर्णनाचा किंवा विज्ञानवार्तेचा अंगरखा घालून आला की आपण त्याला पाट मांडतो. पाश्चात्त्य देशाचा शिक्का असेल तर अधिकच. देशी भोंदूपणाला हसणारा सुशिक्षित मनुष्य आयात केलेल्या भोंदूपणापुढे मान डोलावतो, हे मला त्या टबाहून अधिक केविलवाणे वाटते. ‘ही तर शेकडो वर्षांची परंपरा’ हा युक्तिवादही ओळखीचाच. परंपरेचे वय हा गुणाचा पुरावा नव्हे, मग ती परंपरा बोहेमियाची असो वा आपली.

विज्ञानवार्ता लिहिणाऱ्यांना माझी विनंती थोडक्यात आहे. बिअर-स्पावर अवश्य लिहा, पण पर्यटनाच्या पानावर. लाकडी टबाचे वर्णन करा, काडाच्या शय्येचे करा, फेसाचे करा. सोबत एवढे जरूर लिहा, की हृदयविकार किंवा रक्तदाब असलेल्यांनी आणि गर्भवतींनी ऊन पाण्याच्या टबात बसण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, आणि ऊन पाण्यात बसून मद्य पिणे कुणाच्याच हिताचे नाही. ‘विज्ञान’ हे शीर्षक मात्र ज्या दाव्याने चाचणी दिली आहे त्याच्यासाठी राखून ठेवा.

आणि वाचकहो, तुमची सहल ठरली असेल तर खुशाल जा. अंग शेकून घ्या, गाढ झोपा, मजेत परत या. विश्रांती घेण्यासाठी कुणाकडून आरोग्याचा दाखला आणावा लागत नाही. दमलेल्या माणसाला दोन घटका निवांत बसावेसे वाटते, एवढे कारण पुरे आहे. ते सरळ सांगायला आपण लाजतो, म्हणून तर ही खोटी जीवनसत्त्वे टबात विरघळवावी लागतात.