वाणिज्याच्या वर्गात वर्तमानपत्र हवे

मुंब्रा-कौसा, ठाण्याची राबोडी, कल्याणचा दूधनाका. या वस्त्यांतील दुकानदारांची व कारागिरांची बरीच मुले दहावीनंतर वाणिज्य शाखेकडे वळतात. विज्ञान शाखेच्या क्लासची फी झेपत नाही आणि ‘पुढे दुकान तर सांभाळायचेच आहे’ असा घरचा हिशेब असतो. हिशेब चुकीचा नाही. परंतु बारावीला पुस्तपालनात सत्तर-ऐंशी गुण मिळवलेला मुलगा गल्ल्यावर बसतो आणि घाऊक व्यापाऱ्याकडून आलेले पक्के बिल त्याला वाचता येत नाही, हे आम्ही एकदा नव्हे, अनेकदा पाहिले आहे. एचएसएन क्रमांक कशाला असतो, कर केंद्राचा व राज्याचा असा दोन ओळींत का लिहिला, यातला कोणता पैसा परत आपल्या खात्यात जमा होणार? विचारले की मुलगा वडिलांकडे पाहतो आणि वडील कर सल्लागाराला फोन लावतात.

दोष मुलाचा नाही. पाठ्यपुस्तक पाच-सात वर्षांनी बदलते, बाजार एका रात्रीत बदलतो. बालभारतीने २०१८ साली दहावीच्या गणित भाग १ मध्ये ‘अर्थनियोजन’ नावाचे प्रकरण घातले. त्यात जीएसटी आहे, बिलाचा नमुना आहे, शेअर्स आहेत. हे चांगलेच झाले, आमच्या वेळी सरळव्याज आणि नफा-तोट्यावर गाडी थांबत असे. पण त्या प्रकरणात शिकवलेले ५, १२, १८ आणि २८ टक्के हे दर २२ सप्टेंबर २०२५ रोजी मोडीत निघाले. १२ आणि २८ चे टप्पे गेले, मुख्य दर ५ आणि १८ असे दोनच राहिले आणि चैनीच्या काही वस्तूंसाठी ४० टक्क्यांचा वेगळा दर आला. त्या आठवड्यात प्रत्येक वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर हीच बातमी होती. किती वर्गांत ती वाचली गेली?

वाचली असती तर काय शिकवता आले असते ते पाहा. दीड हजार रुपयांच्या चपलेच्या जोडावर आधी १८ टक्के म्हणजे २७० रुपये कर होता, आता ५ टक्क्यांनी ७५ रुपये झाला. दोन हजारांच्या कुर्त्यावर २४० रुपयांचे १०० झाले. सगळे स्वस्त झाले म्हणावे, तर लग्नाची शेरवानी घ्या. तयार कपड्यांची मर्यादा नगाला अडीच हजारांची आहे. तिच्या वरच्या मालावर १२ टक्क्यांऐवजी १८ टक्के लागू झाले. तीन हजारांच्या शेरवानीवरचा कर ३६० वरून ५४० रुपयांवर गेला. बातमीचा मथळा ‘कर घटले’ आणि आपल्या शेरवानीवाल्याचा कर वाढला! मुलांनी मथळ्याखालचा मजकूरही वाचावा हे सांगायला याहून चांगले उदाहरण आम्हांला माहीत नाही.

आता खरा प्रश्न. चपलेच्या दुकानदाराने ऑगस्टमध्ये बाराशे रुपयांना जोड घेतला, त्यावर १८ टक्क्यांनी २१६ रुपये कर भरला. तोच जोड ऑक्टोबरमध्ये दीड हजाराला विकला तेव्हा गिऱ्हाइकाकडून कर मिळाला ७५ रुपये. मधले १४१ रुपये कुठे गेले? ते बुडाले नाहीत, इनपुट क्रेडिट म्हणून खात्यावर पडून राहिले आणि पुढच्या विक्रीच्या करातून वळते करता येतात. पण दुकानात असे दोनशे जोड शिल्लक असतील तर २८ हजारांवर रक्कम अडकली, आणि तीही सणासुदीला माल भरायच्या वेळी. नफा वेगळा आणि हातातली रोकड वेगळी हे पुस्तपालनाच्या पुस्तकात असतेच. इथे ते मुलाच्या अब्बांच्या तोंडून ऐकता येते. आणि अब्बा कंपोझिशन योजनेत असतील, तर ते गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेत नाहीत आणि त्यांना क्रेडिटही मिळत नाही, त्यांचे उत्तर निराळेच येईल. एकाच वर्गात दोन उत्तरे आली तर शिक्षकांनी घाबरू नये. दोन्ही बरोबर असू शकतात.

दुसरी बातमी कडू आहे. जानेवारी २०२५ च्या पहिल्या आठवड्यात टोरेस नावाच्या दागिन्यांच्या दुकानांना अचानक टाळे लागले. दादर, मीरा रोड, सानपाडा आणि आपल्या कल्याणलाही त्यांचे दुकान होते. मॉइसनाइटचा खडा घ्या, त्यावर दर आठवड्याला सहा टक्के आणि पुढे त्याहूनही जास्त परतावा घ्या, असे आमिष होते. पैसे घालणाऱ्यांत भाजीवाले होते, छोटे दुकानदार होते. गुन्हा दाखल झाला, तपास आर्थिक गुन्हे शाखेकडे गेला. ते कायद्याचे काम कायदा करील. आमचे म्हणणे वर्गाबद्दल आहे. आठवीच्या मुलालाही हे गणित जमते. लाखाला आठवड्याला सहा हजार, म्हणजे सतरा आठवड्यांत एक लाख दोन हजार, मुद्दल फिटले. वर्षाला तीन लाख बारा हजार. आता मुलांना विचारा : तुमच्या दुकानात लाखाचा माल भरला तर भाडे, वीज, पगार जाऊन वर्षाकाठी किती उरतात? घरी विचारून या. दुसऱ्या दिवशी उत्तर घेऊन आलेला मुलगा असल्या दुकानाच्या रांगेत उभा राहणार नाही, आणि खालाला राहू देणार नाही. ज्या घरांतले मुलीच्या लग्नाचे पैसे गेले, त्या घरांतही वाणिज्य शाखेत शिकणारे कोणी ना कोणी असेलच. त्याला चक्रवाढव्याजाचे सूत्र येत होते. ते इथे लावायचे असते, हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

बँकांच्या बातम्याही अशाच वाचायला हव्यात. न्यू इंडिया सहकारी बँकेवर फेब्रुवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले आणि ऑगस्टमध्ये ती सारस्वत बँकेत विलीन झाली. ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण असते, ही एक ओळ त्या निमित्ताने मुलांच्या वहीत गेली तरी पुष्कळ.

शिक्षक म्हणतील, अभ्यासक्रम संपत नाही, त्यात हे कुठे बसवायचे? तक्रार खरी आहे. बोर्डाच्या परीक्षेत कातरणावर प्रश्न येत नाही. पण आम्ही रोज एक तास मागत नाही. आठवड्याला एक कातरण, वीस मिनिटे आणि एकच प्रश्न, ज्याचे उत्तर घरी किंवा बाजारात विचारूनच आणता येईल. उर्दू माध्यमाच्या शाळांत आणखी एक फायदा आहे. मुलगा तिजारतचे शब्द उर्दूत शिकतो, नोटीस त्याला मराठीत येते आणि पोर्टल इंग्रजीत उघडते. एकच बातमी उर्दू आणि मराठी अशा दोन वर्तमानपत्रांतून वाचली, तर ‘वजावट’, ‘क्रेडिट’ आणि ‘मिन्हा’ यांची गाठ तिथेच पडते.

व्यापारी बंधूंनाही थोडे सांगायचे आहे. शाळेला पंखा आणि पाण्याची टाकी देता, त्याबद्दल शुक्रिया. पण तुमचे एक जुने बिल मागितले की चेहरा बदलतो. भाव बाहेर फुटतील, उधारी कळेल, पोरे घरोघर सांगत फिरतील! ही धास्ती आम्ही समजू शकतो, बाजारात सगळे एकमेकांचे शेजारी आहेत. मग दोन वर्षांपूर्वीचे बिल द्या. नाव आणि जीएसटी क्रमांकाच्या जागी कागद चिकटवून झेरॉक्स काढा. चाळीस मुलांना चाळीस प्रती लागतात. ज्या दुकानदाराला तेवढेही नको असेल, त्याने निदान शाळेतून प्रश्न घेऊन आलेल्या मुलाला ‘नंतर ये’ म्हणून परत पाठवू नये. दुपारी दोन ते चार दुकानात गिऱ्हाईक कमीच असते.