ऐकू येते, पण कळत नाही : पडद्यावरील अक्षरे जपताना

वाचकहो, बारामती तालुक्यातील कोऱ्हाळे बुद्रुक येथे माझ्या परिचयाचे एक कुटुंब आहे. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस पिकविणारे, तीन पिढ्या एकत्र नांदणारे. घरातील आबांचे वय ७८. पूर्वी संध्याकाळी टीव्ही सुरू झाला की आबा आवाज वाढवीत, नातवंडे कानांवर हात ठेवीत आणि आजी रागावत. गेल्या वर्षभरात हा वाद थांबला होता, कारण मालिका सुरू होताच आबा उठून ओट्यावर जाऊन बसू लागले होते. ‘आता त्यात गोडी राहिली नाही,’ असे ते म्हणत आणि सर्वांना ते खरेही वाटे. सुनेच्या मात्र एक गोष्ट ध्यानात आली. कुस्त्या लागल्या की आबा जागचे हलत नाहीत. कुस्ती समजण्यासाठी शब्द लागत नाहीत.

आबांची गोडी संपली नव्हती. त्यांच्यापर्यंत पोहोचणारे शब्द संपत आले होते. वार्धक्यातील श्रवणहानीचे हेच वैशिष्ट्य आहे. अंतःकर्णातील सूक्ष्म केशपेशी झिजतात आणि प्रथम उच्च कंपनांचे ध्वनी हरवतात. स, श, च, थ, फ ही व्यंजने याच वर्गातील. स्वर मात्र बराच काळ नीट ऐकू येतात. म्हणून बोलणे कानावर पडते, पण ‘साठ’ आणि ‘आठ’ यांतला भेद कळत नाही. आवाज वाढविला तर मुख्यतः स्वरच मोठे होतात, पार्श्वसंगीतही वाढते आणि गोंधळ अधिकच होतो. आयुष्यभर ट्रॅक्टर आणि पाण्याच्या इंजिनाशेजारी काम केलेल्या शेतकऱ्याच्या कानांवर तर वयाबरोबर गोंगाटाचाही परिणाम झालेला असतो.

अशा वेळी पडद्याच्या तळाशी उमटणारी अक्षरे, म्हणजे उपशीर्षके किंवा आपल्या बोलण्यातील ‘सबटायटल’, फार उपयोगी पडतात. कानाने निसटलेला शब्द डोळा टिपून घेतो. आपल्या देशात या अक्षरांचा प्रवास साक्षरतेच्या वाटेने झाला. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतील ब्रिज कोठारी यांनी १९९६ मध्ये ‘ज्या भाषेतील गाणे, त्याच भाषेतील अक्षरे’ ही कल्पना मांडली. १९९९ मध्ये ती गुजरातेत दूरदर्शनवरील चित्रपटगीतांच्या कार्यक्रमात प्रत्यक्षात आली आणि पुढे राष्ट्रीय वाहिनीवरील ‘चित्रहार’ व ‘रंगोली’पर्यंत पोहोचली. आपल्याकडे झी टॉकीज वाहिनीवर मराठी चित्रपटांना मराठी अक्षरे जोडण्याचा प्रयोगही झाला. उद्देश वाचनाच्या सरावाचा होता, पण ज्यांचे कान थकले होते त्यांनाही त्याचा लाभ मिळाला.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने श्रवणदिव्यांगांसाठी दूरचित्रवाणी सुगम करण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. २०१९ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने वाहिन्यांसाठी त्याविषयीचे निकषही जाहीर केले. तरीही रोजच्या मराठी मालिकांना मराठी अक्षरे क्वचितच आढळतात. म्हणूनच अक्षरांसह असलेला एखादा कार्यक्रम लागला की तो रेकॉर्ड करून ठेवणे हिताचे ठरते. आणि नेमकी येथेच अनेकांची निराशा होते : प्रक्षेपणाच्या वेळी दिसलेली अक्षरे नंतर पाहताना गायब असतात.

याचे कारण समजून घ्यावे. अक्षरे दोन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारात ती चित्रातच कायमची मिसळलेली असतात. ती बंद करता येत नाहीत आणि रेकॉर्डिंगमध्ये हरवतही नाहीत. दुसऱ्या प्रकारात ती चित्र आणि ध्वनी यांच्यासोबत स्वतंत्र प्रवाहाने येतात व रिमोटने चालू-बंद करता येतात. चांगला रेकॉर्डर हा प्रवाहही साठवितो. काही साधे संच मात्र केवळ चित्र आणि ध्वनी ठेवून अक्षरांचा प्रवाह सोडून देतात, आणि सोडलेली अक्षरे नंतर कोणत्याही उपायाने परत आणता येत नाहीत.

तेव्हा काळजीवाहकांनी एक छोटी चाचणी अवश्य करावी. अक्षरे असलेला कार्यक्रम लागला असता रिमोटवरील सबटायटलचे बटण दाबून पाहावे, किंवा सेटिंगमधील भाषेच्या विभागात ती बंद करण्याचा पर्याय शोधावा. अक्षरे नाहीशी झाली तर ती स्वतंत्र प्रवाहाची समजावी. ती पुन्हा चालू करून पाच मिनिटे रेकॉर्ड करावे आणि लगेच पाहावे. अक्षरे दिसली नाहीत तर रेकॉर्डिंग पाहताना सबटायटलचा पर्याय पुन्हा निवडून पाहावा, कारण काही संचांत तो दर वेळी नव्याने निवडावा लागतो. तरीही दिसली नाहीत, तर आपला संच ती साठवीत नाही असे मानून चालावे. संपूर्ण चित्रपट रेकॉर्ड करून हिरमुसण्यापेक्षा ही पाच मिनिटे बरी.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. सेट-टॉप बॉक्सने पेनड्राइव्हवर घेतलेले रेकॉर्डिंग बहुधा त्याच बॉक्सवर चालते. ते लेकीच्या घरी नेऊन दिसेल याची खात्री नसते. आणि वीज गेली की रेकॉर्डिंग अर्धवट राहते. खेडेगावात हा अनुभव नवा नाही. शक्य असल्यास संच इन्व्हर्टरवर जोडावा.

रेकॉर्डरचा ज्येष्ठांना होणारा सर्वांत मोठा लाभ साठवणुकीचा नव्हे, तर थांबविण्याचा आहे. थेट प्रक्षेपणात अक्षरे दोन-तीन क्षणांत निघून जातात. वयपरत्वे वाचनाचा वेग मंदावतो. डोळे अक्षरांवर असताना चेहरा निसटतो. रेकॉर्डिंग थांबविता येते, मागे नेता येते. प्रारंभी अर्ध्या तासापेक्षा अधिक पाहण्याचा आग्रह धरू नये. परिचित कथानकाचा चित्रपट निवडावा. आसन पडद्याच्या समोर व जवळ असावे. अक्षरे पुसट दिसत असतील तर चष्म्याचा नंबर आणि मोतीबिंदू तपासून घ्यावा. काही संचांत अक्षरांचा आकार वाढविण्याची सोयही असते. घरातील ज्येष्ठाला वाचता येत नसेल तर एखाद्या नातवंडाने शेजारी, समोर तोंड दिसेल असे बसून, न ओरडता, सावकाश वाचून दाखवावे.

अक्षरे ही सोय आहे, उपचार नव्हे, हे मात्र विसरू नये. ‘आता वाचून भागते’ म्हणून कानाची तपासणी टाळणे घातक आहे. पुष्कळदा कानात साचलेला मळ एवढेच कारण निघते. परंतु घरी तेल घालणे किंवा काडी फिरविणे हा त्यावरचा मार्ग नव्हे. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर ती तातडीची बाब समजून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने स्मृतिभ्रंशाच्या बदलता येण्याजोग्या धोक्यांमध्ये श्रवणहानीची गणना केली आहे. जो माणूस संभाषणातून बाहेर पडतो, तो हळूहळू घरातूनही बाहेर पडतो. बारामतीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न रुग्णालयात किंवा जवळच्या कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे श्रवणचाचणी करून घ्यावी आणि सल्ला मिळाल्यास श्रवणयंत्राचा संकोच बाळगू नये.

कोऱ्हाळ्याच्या त्या सुनेने आधी आबांचे कान तपासून घेतले. श्रवणयंत्राची सवय होण्यास वेळ लागणार होता. मधल्या काळात तिने मराठी अक्षरे असलेला एक जुना विनोदी चित्रपट रेकॉर्ड केला आणि रविवारी दुपारी सर्वांना बसविले. आबा ओट्यावर निघाले, तेव्हा नातवाने त्यांच्या हाती रिमोट दिला व थांबविण्याचे बटण दाखविले. पहिल्याच मोठ्या विनोदाला घर हसले आणि आबांनी चित्र थांबविले. कोणी काही बोलले नाही. ओठ हलवीत त्यांनी ती ओळ वाचली, आणि मग ते एकटेच खळखळून हसले. नातवंडे ते हसू संपेपर्यंत थांबली.

वाचकहो, आपल्या घरातील कोणी अलीकडे टीव्हीसमोरून लवकर उठू लागले आहे काय? असेल तर आजच त्यांच्याजवळ बसून विचारावे, की ऐकू येते ते कळतेही ना?