चतकोर भाकरी, मूठभर फुटाणे

वजन उतरवावे असे मनात आले की मनुष्य प्रथम बाजाराकडे धाव घेतो, स्वयंपाकघराकडे नव्हे. ‘डाएट’ चिवडा, ‘मल्टिग्रेन’ बिस्किटे, परदेशी धान्यांची आकर्षक पाकिटे आणि जेवणाऐवजी घ्यावयाची चूर्णे यांची वाणसामानाच्या यादीत भर पडते. महिन्याचा खर्च वाढतो, वजनाचा काटा मात्र जागचा हलत नाही. वस्तुतः कमी उष्मांकाचा, पोटभरीचा आणि खिशाला परवडणारा आहार या देशातील घरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. त्याला आज दोनच गोष्टींची जोड हवी आहे. एक म्हणजे मोजमाप आणि दुसरी म्हणजे घरातील व कचेरीतील इतरांची साथ.

प्रश्न केवळ सडपातळ दिसण्याचा असता, तर त्याची एवढी चर्चा करण्याचे कारण नव्हते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे २४ टक्के स्त्रिया व २३ टक्के पुरुष अधिक वजनाचे वा स्थूल आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्यापक पाहणीने देशातील मधुमेहींची संख्या १० कोटींहून अधिक, तर मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्यांची संख्या सुमारे १३ कोटी ६० लाख असल्याचे दाखवून दिले. त्यातच भारतीयांची शरीररचना अशी, की पाश्चात्त्यांच्या तुलनेत कमी वजनावरच पोटाभोवती चरबी साठू लागते. म्हणूनच येथील वैद्यक तज्ज्ञ शरीर-वस्तुमान निर्देशांक २३ च्या पुढे गेला की सावध होण्यास सांगतात. सोप्या भाषेत, १६५ सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीचे वजन ६३ किलोच्या पुढे जाऊ लागले, अथवा कमरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरहून वाढला, की ताटाकडे लक्ष देण्याची वेळ आली असे समजावे. दिवसाचे आठ तास गल्ल्यावर, संगणकापुढे वा दुकानातील गादीवर बसून काढणाऱ्यांना तर ही सूचना विशेष लागू पडते.

हिशेब उष्मांकांचा

जमाखर्चाची सवय असलेल्यांना उष्मांकांचा हिशेब कठीण वाटू नये. एक ग्रॅम पिष्टमय पदार्थ वा प्रथिने चार कॅलरी देतात. एक ग्रॅम तेल वा तूप नऊ. म्हणजे चहाच्या चमच्याएवढे तेल ४५ कॅलरींचे, तर तेवढीच साखर २० कॅलरींची. कचेरीत दिवसाकाठी पाच वेळा चहा घेणारे अनेक आहेत. प्रत्येक कपात दोन चमचे साखर धरली, तरी दिवसाची ५० ग्रॅम साखर आणि २०० कॅलरी केवळ चहातूनच पोटात जातात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सुचविलेली मर्यादा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्के, आणि शक्य तर पाच टक्के अशी आहे. दोन हजार कॅलरींच्या आहारात पाच टक्के म्हणजे जेमतेम २५ ग्रॅम साखर. तेव्हा काही नवे विकत आणण्यापूर्वी चहातील साखर निम्म्यावर आणणे हा पहिला उपाय होय.

याच हिशेबात एका लोकप्रिय समजाचाही निकाल लागतो. गहू वा तांदूळ सोडून ज्वारी-बाजरी धरली की वजन आपोआप उतरते, असे पुष्कळांना वाटते. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले, त्या निमित्ताने हा समज अधिकच पसरला. वस्तुस्थिती अशी की ज्वारी, बाजरी, गहू आणि तांदूळ या साऱ्यांचे उष्मांक शंभर ग्रॅमला साधारण सव्वातीनशे ते साडेतीनशेच्या आसपासच आहेत. भाकरीचा लाभ अन्यत्र आहे. तिच्यात तंतू अधिक, ती चावून खावी लागते, आणि करताना तेलाचा थेंबही लागत नाही. म्हणून भूक लवकर शमते. मात्र एका भाकरीच्या जागी दोन खाल्ल्या, तर लाभाचे रूपांतर तोट्यात होते. धान्य बदलण्यापेक्षा चतकोर भाकरी कमी करून तिची जागा वाटीभर पालेभाजीला देणे अधिक फलदायी आहे.

उपवासाचे ताट

‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण मराठी समाजाने स्वतःवरच रचलेली आहे, आणि आहारशास्त्र तिला दुजोरा देते. साबुदाणा तामिळनाडूतील सेलमच्या परिसरात कसाव्याच्या कंदापासून तयार होतो. तो जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. प्रथिने त्यात नाममात्र. त्यावर दाण्याचे कूट, तूप व बटाटा पडला, की खिचडीची एक भरलेली बशी साडेपाचशे कॅलरींच्या घरात जाते. दोन फुलके, वाटीभर वरण व भाजी यांचे नेहमीचे जेवण याहून हलके ठरते. उपवासाचे महत्त्व येथे कमी लेखावयाचे नाही. उकडलेले रताळे, भगरीबरोबर दह्यातील काकडी, ताक व एखादे फळ एवढ्यावरही उपवास निष्ठेने पार पडतो, आणि ‘लंघन’ या शब्दाचा मूळ अर्थही राखला जातो.

किती वेळा खावे?

महाराष्ट्रात २०१८ च्या सुमारास या प्रश्नावर घरोघरी वाद रंगले होते. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारावरून प्रेरणा घेऊन डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनच वेळा जेवण्याचा प्रचार केला, तर आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांनी थोडे थोडे, थोड्या थोड्या अंतराने खाण्याचा आग्रह धरला. कोणाची पद्धत कोणाला मानवेल, हे ज्याच्या-त्याच्या प्रकृतीवर अवलंबून आहे. या वादात एक गोष्ट मात्र नजरेआड झाली. साखर आवरा, घरचे खा आणि चाला, याविषयी दोन्ही पक्षांत एकवाक्यता आहे. भांडण घड्याळाचे आहे. ताटाचे फारसे नाही.

ज्यांना दुपारी चारच्या सुमारास भूक लागते, त्यांच्यासाठी स्वस्त पदार्थांची उणीव नाही. तीस ग्रॅम, म्हणजे मूठभर फुटाण्यांत सुमारे ११० कॅलरी व सहा ग्रॅमहून अधिक प्रथिने मिळतात. पंचवीस ग्रॅम चुरमुऱ्यांनी मोठी वाटी भरते आणि कॅलरी जेमतेम ८० होतात. कांदा, टोमॅटो, कोथिंबीर व लिंबू यांनी त्यांची उत्तम भेळ होते. शेव-फरसाण पडताच मात्र हिशेब दुप्पट होतो. शंभर ग्रॅम काकडीत पंधरा, तर तेवढ्याच पेरूत पन्नासच्या आसपास कॅलरी असतात, आणि पेरूतील क जीवनसत्त्व संत्र्यालाही मागे टाकते. जिरे घातलेले पातळ ताक, उकडलेले अंडे, मोड आलेले मूग, हिवाळ्यात बोरे व आवळा, पावसाळ्यात भाजलेले कणीस ही यादी आणखी वाढविता येईल. शेंगदाणे पौष्टिक खरे, परंतु मूठभर दाण्यांत १७० कॅलरी असतात, हे ध्यानी ठेवलेले बरे. याउलट ‘पाचक’ म्हणून विकली जाणारी बहुतेक बिस्किटे शंभर ग्रॅमला साडेचारशे ते पाचशे कॅलरींची असतात. पाकिटावर मागील बाजूस बारीक अक्षरांत ते छापलेलेही असते. वाचले मात्र क्वचितच जाते.

नोकरीनिमित्त परप्रांतात स्थायिक झालेल्यांना तर निवडीला अधिकच वाव आहे. चेन्नईतील वाफवलेल्या हरभऱ्याचे सुंडल, बिहारमधील सत्तूचे सरबत, आंध्र-तेलंगणातील मुगाचे पेसरट्टू, गुजरातेतील वाफेवरचा ढोकळा, उत्तरेकडील भाज्या घातलेला दलिया हे सारे आपल्याकडील धिरडी, उसळ व कुळथाच्या पिठीचेच सगेसोयरे होत. बदलीच्या गावी फरसाणाचे दुकान शोधण्याऐवजी तेथील साधा घरगुती न्याहारीचा पदार्थ शिकून घेणे केव्हाही हितावह.

कचेरीचा आग्रह, घरचा भार

आहाराचा संकल्प बहुधा दोन ठिकाणी मोडतो. पहिले ठिकाण कचेरी. वाढदिवस, बढती, निरोपसमारंभ, सणासुदीला ग्राहकांकडून प्रेमाने येणारी मिठाई या प्रत्येक प्रसंगी केक, समोसा व वेफर्स यांची ठरलेली बशी पुढे येते. ‘एका दिवसाने काय होते?’ हा प्रश्न रास्त आहे; पण पंचवीस जणांच्या शाखेत असे ‘एक दिवस’ वर्षाला चाळीस-पन्नास भरतात. नको म्हणणारा एकटा पडतो आणि मधुमेह असलेला सहकारी संकोचाने गप्प बसून खातो. गोडधोडावर बंदी आणण्याची आवश्यकता नाही. एक लहान गोड तुकडा, सोबत इडली वा ढोकळा आणि ऋतूतील फळ अशी बशी ठरली, तर आनंद उणावत नाही आणि खर्चही बहुधा वाढत नाही. हा निर्णय कोणा एका कर्मचाऱ्याने नव्हे, तर शाखेने मिळून घ्यावयाचा आहे.

दुसरे ठिकाण घर. एका व्यक्तीसाठी वेगळा स्वयंपाक करावा लागला, की त्याचा भार बहुतेक घरांत गृहिणीवर पडतो. तीही अनेकदा नोकरी करून आलेली असते. महिनाभरात ती थकते आणि संकल्पही थकतो. म्हणून ताट एकाचे न बदलता साऱ्यांचेच बदलावे. मुगाची खिचडी, कोशिंबीर व ताक. भाकरी, पालेभाजी व उसळ. किनारपट्टीवर तळलेल्या तुकडीऐवजी माशांचे साधे कालवण असे जेवण मुलांना व वृद्धांनाही मानवणारे आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत दोन हजार कॅलरींच्या आदर्श ताटात ४०० ग्रॅम भाज्या व केवळ २७ ग्रॅम तेल-तूप धरले आहे. या प्रमाणात चौघांच्या घराला महिन्याला साधारण साडेतीन लिटर तेल-तूप पुरावे. फेब्रुवारी २०२५ मधील ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनीही खाद्यतेल दहा टक्क्यांनी कमी करण्याचे आवाहन केले होते. घरातील तेलाचा डबा किती दिवसांत संपतो, याची नोंद ठेवणे ही त्याची साधी सुरुवात ठरेल.

अर्थात काही पथ्ये पाळावयास हवीत. मधुमेहाची औषधे वा इन्सुलिन घेणारे, मूत्रपिंडाचे रुग्ण व गर्भवती स्त्रिया यांनी वैद्यकीय सल्ल्याखेरीज आहारात मोठा फेरबदल करू नये. उपासमारीने वजन झपाट्याने उतरते, पण त्यासोबत स्नायूही झिजतात आणि गेलेले वजन पुन्हा परतते. आठवड्याला अर्धा किलो ही गती पुरेशी आहे. त्याला आठवड्यातून किमान दीडशे मिनिटे भरभर चालण्याची जोड हवीच.

आवर्ती ठेवीत दरमहा पडणारी रक्कम लहान असते. हप्ता चुकू न देणे हेच तिचे सामर्थ्य. चहातील एक चमचा साखर, ताटातील चतकोर भाकरी आणि कढईतील पळीभर तेल कमी करणे हेही तसेच लहान हप्ते आहेत. ते भरावयास पैसा लागत नाही. पुढील महिन्याची वाणसामानाची यादी लिहिताना बिस्किटांच्या पुड्यांऐवजी किलोभर मूग व अर्धा किलो फुटाणे लिहिले जावेत, एवढेच पुरेसे आहे.