साठ आठ कीं अडुसष्ट?

इ. स. २०१९ मध्यें बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकांत ‘एकवीस’ या जुन्या नांवाबरोबर ‘वीस एक’ असेंहि वाचन छापलें गेलें, आणि महाराष्ट्रांत केवढा गदारोळ उडाला हें वाचकांच्या स्मरणांत असेलच. विधानसभेंत प्रश्न निघाला, विनोदाला ऊत आला, मराठी भाषेचा खून झाल्याची आरोळी उठली. आमच्या शिक्षकांच्या खोलींतहि हंशा पिकला, आणि त्यांत प्रस्तुत लेखकाचा आवाज होता, हें आरंभींच कबूल केलेलें बरें.

तो हंशा फार दिवस टिकला नाहीं. ‘अडुसष्ट लिहा’ असें सांगतांच वर्गांतील एका मुलीनें पाटीवर ८६ लिहिले. आम्हीं ते खोडले. तिनें पुन्हां तेच लिहिले. विचार केला असतां चूक तिची नव्हती. आपण आधीं ‘अडु’ म्हणतों आणि मग ‘सष्ट’. तिनें जें आधीं ऐकलें तें आधीं लिहिलें. बरें, आधीं एकक व मग दशक एवढाच नियम असता, तर तोहि पाठ झाला असता. परंतु एकोणतिसांत उच्चार तिसाचा आणि अंक दोनाचा. हा न्याय एकोणनव्वदापर्यंत चालतो, आणि नव्व्याण्णवाशीं येऊन अकस्मात् मोडतो. पन्नासाचें बावन्नांत ‘वन्न’ होतें, त्रेपन्नांत ‘पन्न’, सत्तराचें ‘हत्तर’. व्युत्पत्तीच्या अभ्यासकांस यांत मौज वाटेल, आम्हांसहि वाटते. पण सात वर्षांच्या मुलाला हीं नांवें जवळजवळ एकेक सुटीं पाठ करावीं लागतात, तेव्हां त्या मौजेचें मोल कोण भरतो हें उघड आहे.

इतर भाषांकडे पाहावें. सोलापुराकडील कानडी मूल ‘इप्पत्तोंदु’ म्हणतें. आधीं वीस, मग एक, आणि लिहितेंहि तसेंच. नॉर्वे देशांत आपल्यासारखीच एकक आधीं म्हणण्याची चाल होती; ती तेथील सरकारनें १९५१ सालीं बदलली, आणि त्याचें एक कारण चुकीचे लागणारे टेलिफोन हें होतें! जुनी चाल तेथें आजहि कित्येकांच्या तोंडीं आहे. नॉर्वेजियन भाषा मेल्याचें मात्र ऐकिवांत नाहीं.

‘आमचे वाडवडील पंतोजींच्या शाळेंत पावकी, निमकी, दिडकी घडाघडा म्हणत, त्यांचें कोठें अडलें?’ हा आक्षेप आम्हीं शंभरदां ऐकला आहे. ज्यांचें अडलें ते शाळा सोडून गुरांमागें गेले, आणि आठवणी सांगावयास न अडलेले तेवढे उरले. आज सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला २००९ च्या कायद्यानें शिक्षणाचा हक्क दिला आहे. सुशिक्षित घरचें मूल आजीच्या मांडीवर ‘एकोणसाठ’ दहादां ऐकून शाळेंत येतें. ऊसतोडणीच्या टोळीबरोबर फिरणाऱ्या मुलाच्या, किंवा ज्याच्या घरीं पावरी अथवा गोंडी बोलतात त्याच्या कानीं हीं नांवें बहुधा प्रथम आमच्याच तोंडून पडतात. आणि दोन वर्षांत तें ‘गणितांत ढ’ ठरतें. गणित त्याला अजून कोणी शिकविलेलेंच नसतें.

जुनीं नांवें टाकून द्या, असें त्या पुस्तकानें म्हटलें नव्हतें. कै. मंगला नारळीकर यांच्यासारख्या गणितज्ञ विदुषी ज्या मंडळाच्या प्रमुख होत्या, त्यानें ही वाट दाखविली. तिची परीक्षा वर्गांत व्हावयाची, ती चव्हाट्यावर झाली. आम्ही आमच्या वर्गांत प्रथम ‘साठ आठ’ सांगतों, आणि तें हातीं बसलें म्हणजे ‘अडुसष्ट’. कोणाचीहि मराठी त्यानें बाटलेली नाहीं.

आतां एक अप्रिय गोष्ट. ज्या दिवाणखान्यांतून आक्रोश उठला, त्यांतील किती घरचीं मुलें मराठी शाळेंत होतीं? ‘सिक्स्टी एट’ हें ‘साठ आठ’ नाहीं तर दुसरें काय आहे? तीच रचना इंग्रजींतून आली कीं ती सोय, आणि मराठींतून आली कीं ती हत्या, हा न्याय आम्हांस कळत नाहीं. ज्यांस या नांवांचा अभिमान आहे, त्यांनीं आज सायंकाळीं आपल्या नातवास एकोणसाठ हा आंकडा लिहावयास सांगावा. त्यानें ‘म्हणजे फिफ्टी नाइन का?’ असें विचारलें, तर त्याजवर रागावूं नये.