लेहमधले दोन दिवस वाचवू नका

दर रविवारी सह्याद्रीतला एखादा गड चढणाऱ्यांना लडाखमधला मारखा खोऱ्याचा ट्रेक आवाक्यातला वाटतो. वाट तशी सरळ आहे. चिलिंगजवळून निघायचं आणि स्किऊ, मारखा, हांकर अशा गावांत घरगुती मुक्काम करत वर सरकायचं. पाय साथ देतात. घात होतो तो विरळ हवेमुळे.

कळसूबाई १,६४६ मीटर उंच. मुंबईहून विमानानं निघालेला माणूस काही तासांत लेहला ३,५०० मीटरवर उतरतो. तिथं श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश असतो. पुढची कोंगमारू ला खिंड तर ५,००० मीटरच्याही वर आहे.

तरीही रजा पुरत नाही म्हणून पहिली कात्री लागते ती लेहच्या विश्रांतीला. हे साफ चूक आहे. ३,००० मीटरनंतर मुक्कामाची उंची रोज साधारण ५०० मीटरहून जास्त वाढवू नये, असं पर्वतवैद्यक सांगतं. रोज दहा किलोमीटर धावणाऱ्यालाही यातून सूट नाही.

डोकं ठणकतंय, समोरचा गरम थुक्पा नकोसा झालाय, तर चढणं थांबवावं. बसल्या जागी धाप लागली किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर रात्र असली तरी खाली उतरावं. गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात; त्या उतरण्याला पर्याय नाहीत.

म्हणून यंदा तिकीट काढताना परतीची तारीख दोन दिवस पुढची घ्या.